हरवलेल्यांची यादी पोलिसांकडे, सापडलेली माणसं संस्थांकडे : महाराष्ट्र पोलिसांना आणि आपल्या सगळ्या संस्थांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र पोलीस ठाण्यात मिसिंगचं, म्हणजे हरवलेल्या माणसांच्या तक्रारींचं, टेबल सांभाळणाऱ्या हवालदारापासून एसपी आणि आयुक्त साहेबांपर्यंत सगळ्यांना आहे, आणि आमच्यासारख्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या मंडळींनाही आहे, कारण जे काम दोघांनी मिळून करायचं ते आपण दोघंही आपापल्या कोपऱ्यात बसून करतोय. मी रस्त्यावर भटकणारी मनोरुग्ण माणसं आणि वाट चुकलेली म्हातारी माणसं यांना घरी पोचवणाऱ्या एका संस्थेत काम करते. माझं बरंचसं काम फोनवरच चालतं. कुठल्यातरी ठाण्याचा लँडलाइन नंबर शोधायचा, तो बंद निघाला की शेजारच्या ठाण्याला लावायचा, आणि उचलला की पहिल्या दोन वाक्यांत समोरच्याला पटवायचं की मी तक्रार करायला फोन केलेला नाही, तुमच्या हद्दीतलं एक माणूस आमच्याकडे सुखरूप आहे तेवढं सांगायचंय.

म्हणणं एकच आहे. हरवलेल्या माणसाची नोंद एका ठाण्यात असते, ते माणूस शेकडो किलोमीटरवर दुसऱ्याच जिल्ह्यात किंवा दुसऱ्याच राज्यात एखाद्या संस्थेत, सरकारी दवाखान्यात नाहीतर मनोरुग्णालयात असतं, आणि या दोन कागदांची गाठ कधी पडतच नाही. बऱ्याचदा माणूस सापडलेलं असतं हो, फक्त कुणाचं आहे ते कुणाला माहीत नसतं. तिकडे घरचे लोक दर महिन्याला ठाण्यात जाऊन "काही कळलं का साहेब" विचारतात आणि इकडे आम्ही त्याच माणसाला रोज विचारतो, गाव कुठलं तुझं.

एक उदाहरण सांगते, नावगाव बदलून नाही तर वगळूनच. हायवेवरून आणलेला एक माणूस, पन्नाशीच्या आसपासचा, केसांच्या जटा झालेल्या, पायाला जखम चिघळलेली. औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी थोडंथोडं बोलायला लागला. गावाचं नाव सांगायचा पण त्या नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. तालुका रोज वेगळा सांगायचा. पण दोन गोष्टी कधी बदलल्या नाहीत, गावाला मंगळवारचा बाजार भरतो आणि बंधाऱ्याच्या पलीकडं मारुतीचं देऊळ आहे. मी त्या नावाची गावं ज्या ज्या ठाण्यांच्या हद्दीत येतात तिथं फोन लावत गेले. बहुतेक ठिकाणी "मेल करा" एवढंच उत्तर आलं. विदर्भातल्या एका ठाण्यात एक हवालदार भेटले, त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, थांबा ताई, मंगळवारचा बाजार म्हणजे आमच्या हद्दीतलं ते नाही, ते पलीकडच्या ठाण्याचं, पण तिथला पोलीस पाटील माझ्या ओळखीचा आहे. त्यांनीच पोलीस पाटलाला फोन केला, पाटील संध्याकाळी त्या घरी गेले, आणि व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईनं पहिल्यांदा चेहऱ्याकडं बघितलंच नाही, ती म्हणाली त्याला हात दाखवायला सांगा. उजव्या करंगळीचं टोक कडबाकुट्टीत गेलेलं होतं. मग ती रडायला लागली आणि आमचा तो माणूसही लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला.

आता ऐका. त्याची मिसिंग त्या पलीकडच्या ठाण्यात चार वर्षांपूर्वीच दाखल होती. नंतर कागद बघायला मिळाला तेव्हा त्यावर लिहिलेलं, वर्ण सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, अंगात पांढरा शर्ट आणि काळी पँट. करंगळीचा उल्लेख नाही. मानसिक आजाराचा उल्लेख नाही, गोळ्या चालू होत्या आणि त्या बंद पडल्यावर तो घरातून निघून गेला याचाही नाही. आईला कुणी विचारलं नाही आणि तिला सुचलं नाही, भेदरलेल्या माणसाला कसं सुचणार. सावळा वर्ण आणि मध्यम बांधा यात निम्मा महाराष्ट्र बसतो, आणि पांढरा शर्ट चार वर्षं अंगावर राहत नाही. त्या एका ओळीत करंगळी लिहिलेली असती आणि तो कागद आमच्यासारख्या संस्थांकडे फिरलेला असता तर आमच्याकडे आणल्यावर आठवड्याभरात त्याची ओळख पटली असती.

मला माहितीये मिसिंगचं टेबल कसं चालतं. एकच हवालदार, त्याच्याकडे मिसिंगही, समन्स-वॉरंटही, वर सणासुदीला बंदोबस्त आणि मंत्र्यांचा दौरा. मोठं माणूस घर सोडून गेलं तर तो गुन्हा नाही, फक्त नोंद होते, त्यामुळं क्राइम मीटिंगला त्याचा हिशोब कुणी तितक्या कडकपणे मागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत चित्र वेगळं आहे कारण सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेत सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हाच दाखल करायचा, अपहरण किंवा तस्करी झालीये असं धरूनच तपास करायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जातो. पुढे ऑपरेशन मुस्कान सुरू झालं, ज्यात पोलीस आणि संस्था एकत्र बालगृहं, स्टेशनं, रस्ते पालथे घालतात. स्टेशनवर उतरलेल्या, घरातून पळून आलेल्या मुलांसाठी मुंबई-ठाण्यात समतोल फाउंडेशनसारख्या संस्था रेल्वे पोलिसांच्या बरोबरीनं वर्षानुवर्षं काम करतायत. म्हणजे एकत्र काम करता येतं हे आपल्याला नवीन नाही, तिथं कोर्टानं कायदा आणि मुदत दोन्ही ठरवून दिल्या म्हणून ते काम उभं राहिलं.

मोठ्या माणसांसाठी तसा कायदा नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि इथंच मला पोलिसांशी थेट बोलायचंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. या कलमात सरळ म्हटलंय की आपल्या हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे, तिला लवकरात लवकर आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. आणि पुढं त्याच कलमात असंही आहे की बेघर किंवा भटकणारी मनोरुग्ण व्यक्ती सापडली तर ठाण्यात हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवायचा, तिच्या घरच्यांचा शोध घ्यायचा आणि त्यांना कळवायचं, ही ठाणेदाराची जबाबदारी. म्हणजे माणूस जिथं सापडलं तिथल्या ठाण्यानंही ती नोंद घ्यायची आहे. आम्ही अशा बाईला घेऊन ठाण्यात जातो तेव्हा काय ऐकायला मिळतं? "मॅडम, ही तर सापडलीये, सापडलेल्याची मिसिंग कशी घेणार?" मग फार तर स्टेशन डायरीला एक ओळ पडते, आणि ती ओळ त्या ठाण्याबाहेर कुणाला दिसत नाही. अंमलदाराला मी दोष देत नाही, त्याला कलम १०० कुणी शिकवलेलंच नसतं. मी तर कलमाची झेरॉक्स पर्समध्येच ठेवते आणि तिथल्या तिथं वाचायला देते, वाचल्यावर बहुतेक साहेब नोंद घेतातही. पण जिथं कुणी झेरॉक्स घेऊन जात नाही तिथल्या माणसांचं काय, म्हणून वरून एक परिपत्रक सगळ्या ठाण्यांना जायला हवं आणि प्रशिक्षणात हे कलम यायला हवं.

हे काम किती मोठं होऊ शकतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं, कर्जतला त्यांचं केंद्र आहे, रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून देशभरात त्यांच्या घरी नेऊन सोडलंय, २०१८ ला डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना सांभाळतंय. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, उपचार आधी, पत्ता नंतर. औषधं लागू पडल्याशिवाय माणूस घर सांगू शकत नाही, आणि पोलिसांनी पहिल्याच दिवशी चारदा विचारून "काही सांगत नाही" असं लिहिलं की शोध तिथंच संपतो. म्हणून संस्थेनं महिन्याभरानं पुन्हा माहिती कळवली तर ती त्याच नोंदीत भरली जायला हवी, आज ती भरायला जागाच नसते.

आता आमच्या लोकांकडे वळते, आणि हे जरा कडक वाटेल पण बोलायलाच हवं. रस्त्यावर माणूस दिसलं की आपल्यातले काही जण आधी मोबाईल काढतात. जटा कापतानाचा व्हिडिओ, आंघोळ घालतानाचा व्हिडिओ, खाली म्युझिक, आणि "शेअर करा, घरच्यांपर्यंत पोचवा". त्या माणसानं हो म्हटलंय का? त्याची हो म्हणायची अवस्था तरी आहे का? बरा झाल्यावर गावात त्याला तोंड दाखवायचंय, सुनेसमोर, नातवंडांसमोर, तेव्हा तोच व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. शोधासाठी चेहऱ्याचा एक साधा स्वच्छ फोटो पुरतो. मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, संस्थेत आलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापायचं किंवा टाकायचं नाही, आणि सापडलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर न्यायचं, ते आपल्याकडे ठेवून आपण परस्पर गाव शोधत बसायचं नाही.

आणि ठाण्याला न कळवता माणूस महिनोनमहिने ठेवून घ्यायचं हे तर थांबवाच. हेतू चांगला असतो मान्य, पण घरच्यांनी मिसिंग केलेली असते आणि आपण ठाण्याला सांगितलेलं नसतं, म्हणजे शोध आपणच अडवून धरलेला असतो.

अजून एक नाजूक गोष्ट आहे जी पोलिसांनाही लागू आहे. हरवलेलं प्रत्येक मोठं माणूस वाट चुकलेलं नसतं. कुणी मारहाणीतून निघून आलेलं असतं, कुणी मनाविरुद्ध ठरवलेल्या लग्नातून, आणि घरचेच ठाण्यात येऊन रडत मिसिंग देतात. अठरा वर्षांवरची बाई स्वतःच्या मर्जीनं गेली असेल तर पोलिसांनी ती सुखरूप आहे एवढी खात्री करायची आणि घरच्यांना तेवढंच सांगायचं, पत्ता द्यायचा की नाही हे तिनं ठरवायचं. अशा बाईच्या मिसिंगची पोस्ट आपण आंधळेपणानं शेअर केली तर आपण तिला पकडून देतोय. ब्रिटनमध्ये मिसिंग पीपल नावाची संस्था यासाठीच पोलिसांच्या बरोबरीनं ११६००० या नंबरवर हेल्पलाइन चालवते. घर सोडून गेलेलं माणूस तिथं स्वतः फोन करू शकतं, बोलू शकतं, आणि "मी ठीक आहे" एवढाच निरोप संस्थेमार्फत घरी पोचवू शकतं, कुठं आहे ते न सांगता. ठाण्यात फोन करायला जे धजावत नाही ते माणूस संस्थेशी बोलतं. संस्था असण्याचा हा मोठा उपयोग आहे आणि आपल्याकडे तो जवळपास कुणी करून घेतलेला नाही.

ब्रिटनमधलीच दुसरी पद्धत उचलण्यासारखी आहे, तिला हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरच्यांनी तो हरवायच्या आधीच एक फॉर्म भरून ठेवायचा, ताजा फोटो, अंगावरच्या खुणा, औषधं, पूर्वी कुठं राहायचा, कुठं कामाला होता, कुठल्या ठिकाणी जायची ओढ आहे. माणूस हरवलं की तो फॉर्म पोलिसांच्या हातात द्यायचा. विसरभोळी झालेली माणसं पुष्कळदा जुन्या घराकडं, जुन्या कामाच्या ठिकाणाकडं निघतात, त्यामुळं रिटायर होऊन वीस वर्षं झालेल्या माणसासाठी त्याच्या जुन्या कारखान्याचा रस्ता आधी बघायला हवा, आणि हे घरच्यांना घाबरलेल्या अवस्थेत सुचत नाही पण शांतपणे भरलेल्या फॉर्ममध्ये असतं. आपल्याकडे हे सुरू करायला फार काही लागत नाही, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, संस्था आहेत, फॉर्म आम्ही भरून घेतो, ठाण्यानं फक्त तो मान्य करावा.

आधारचंही सांगते कारण घरचे लोक याबद्दल सारखं विचारतात. बोटांचे ठसे दिले की लगेच पत्ता मिळतो असं नाही, बायोमेट्रिक पोलिसांना दिलं जात नाही, तो कायदाच आहे. पण ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्याचं नवीन आधार काढायला केंद्रावर नेलं आणि त्याचं आधार आधीच निघालेलं असेल तर नोंदणी रिजेक्ट होते, आणि तिथून जुन्या आधारपर्यंत पोचता येतं. नागपूरच्या आधार सेवा केंद्रातून अशा रीतीनं हरवलेल्यांची घरं सापडलीयेत. मग प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र असं ठरवून द्यायला काय हरकत आहे, जिथं संस्था आणि पोलीस मिळून ठरलेल्या दिवशी अशा माणसांना घेऊन जातील? आज आम्ही जातो तेव्हा केंद्रावरचा माणूस आधी कागदपत्रं मागतो, आणि कागदपत्रं नाहीत म्हणूनच तर आम्ही आलेलो असतो.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी जरा सावध आहे. २०१८ मध्ये दिल्लीत पोलिसांनी बालगृहांतल्या मुलांचे फोटो हरवलेल्या मुलांच्या फोटोंशी जुळवून बघितले आणि जवळजवळ तीन हजार जुळण्या मिळाल्याचं सांगितलं गेलं, नंतर त्याच्या अचूकतेवर प्रश्नही आले. सॉफ्टवेअर बरोबर की चूक त्या वादात मी पडत नाही. पण हरवलेली मुलं सरकारी यादीतल्याच बालगृहांत सापडू शकतात हे गृहीत धरूनच तर ती चाचणी झाली. फोटो जुळवायचं काम माणसांनीही होतं, दर आठवड्याला दोघांनी तासभर बसलं तरी.

बेवारस मयतांबद्दलही लिहायलाच हवं. अकस्मात मृत्यूची नोंद होते, शोधपत्रिका निघते, काही दिवसांनी अंत्यविधी होतो, आणि घरचे पुढची दहा वर्षं शोधत राहतात. त्या आईला, त्या बायकोला खरं काय ते कळायला हवं, ते कितीही वाईट असलं तरी. डीएनएचा नमुना राखणं, अंगावरचं गोंदण, जुनी शस्त्रक्रिया, दातांची ठेवण नीट लिहिणं आणि ते मिसिंगच्या नोंदींशी ताडून बघणं हे झालंच पाहिजे. यात संस्था फार काही करू शकत नाहीत, पण ओळख पटवायला घरच्यांना शवागारात जावं लागतं तेव्हा त्यांच्यासोबत उभं राहायला आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

घरच्यांसाठी थोडकं : चोवीस तास थांबा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असा कुठलाही नियम नाही, माणूस दिसत नाही म्हटल्यावर त्याच तासाला ठाण्यात जा किंवा ११२ ला फोन करा. मूल असेल तर १०९८ आहेच. पोस्ट टाकताना तारीख, ठाण्याचं नाव आणि मिसिंग नंबर टाका, स्वतःचा नंबर टाकण्यापेक्षा ठाण्याचा टाका कारण नंबर बघून पैसे उकळणारे लोक फोन करतात, "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" म्हणून. आणि माणूस घरी आलं की ती पोस्ट काढा, ठाण्यात जाऊन कळवा. घरी पोचलेल्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि जे खरंच हरवलेत त्यांच्याकडे मग कुणी बघत नाही.

एक तारीख डोळ्यासमोर ठेवून सांगते. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. प्रयागच्या मेळ्यात भारत सेवा दलाचं भुले-भटके शिबिर १९४६ पासून चालतंय, स्वयंसेवक आणि पोलीस एकाच मैदानात, हरवलेल्याचा पुकारा आणि सापडलेल्याची नोंद एकाच जागी. आपल्याला गर्दीत दोन तास चुकामूक झालेल्यांची सोय तर करायचीच आहे, पण मेळा संपल्यावर जी माणसं उरतात, ज्यांना न्यायला कुणी येत नाही, काहींना तर मुद्दाम सोडून गेलेले असतात, त्यांची यादी कोण ठेवणार हे आत्ताच ठरायला हवं. ती यादी पोलिसांनी आणि संस्थांनी पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवावी.

शेवटी, पोलिसांकडून नेमकं काय हवंय ते लिहिते म्हणजे पत्र नुसतं फिरत राहणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी आणि एक चालू मोबाईल नंबर, जो बदली झाली तरी बदलणार नाही, तिथं संस्थांनी सापडलेल्या माणसाचा फोटो आणि माहिती चोवीस तासांत पाठवायची. मिसिंग दाखल झाली की ठाण्यानं फोटो आणि खुणा त्याच दिवशी त्या नंबरवरून सगळ्या नोंदणीकृत संस्था, मनोरुग्णालयं आणि सरकारी दवाखान्यांकडे पाठवायच्या, आणि मिसिंगच्या फॉर्ममध्ये खुणा, आजार आणि औषधं यांचा रकाना सक्तीचा करायचा. महिन्यातून एकदा दोन्ही याद्या समोरासमोर घेऊन बसायचं. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर, रत्नागिरी जिथं जिथं मनोरुग्णालयं आहेत तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना त्या बैठकीला बोलवायचं, कारण बरी होऊनही घर सापडत नाही म्हणून अडकून पडलेली माणसं त्यांना तोंडपाठ असतात. आमच्याकडून आम्ही प्रत्येक माणसाची माहिती वेळेत देऊ, व्हिडिओ टाकणार नाही, आणि घर सापडलं की त्याचं श्रेय ज्या हवालदारानं फोन धरून ठेवला त्याचं नाव घेऊन त्याच्या एसपींना पत्रानं कळवू.

पहिली बैठक कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही वारी ठेवा. आमची यादी तयार आहे, फोटोंसकट घेऊन येतो.

आपली,
बेघर मनोरुग्णांसाठी काम करणारी एक कार्यकर्ती